माप आधी, नेम मंग

भानुदासमामांच्या पाया पडायची सोय नाही. तुम्ही वाकलात की आशीर्वाद बाजूलाच राहतो. ते तुमचा उजवा हात धरतात, कोपरात वाकवायला लावतात, शर्टाच्या खिशातून शिंप्याची टेप काढतात आणि कोपराच्या आतल्या बाजूपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत माप घेतात. मग मान डोलावून निकाल सांगतात, "साडेतेरा. तुला दुकानातली कोणती बी बसंल." किंवा, "चौदा! तुला दस्त्याला तुकडा जोडावा लागंल बघ." ज्याचा हात धरलेला असतो त्या बापड्याला कसला दस्ता आणि कसला तुकडा, काही कळत नाही. नवरदेवांची मापं मामांनी स्टेजवर घेतली आहेत. अंबड-जालना बसमध्ये कंडक्टरचं तिकीट देता देता घेतलंय. एका तेराव्याला भर पंगतीत भटजींचा हात धरला, तेव्हा भटजी इतके घाबरले की दक्षिणा न घेताच उठायला लागले.

तर हे माप रायफलीचं. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता किती लांब असावा, ते या मापावरून ठरतं. गिऱ्हाईक रायफल घेणार आहे की नाही, याच्याशी मामांना कर्तव्य नाही. मामा मोजणी खात्यातून रिटायर झाले. उभी हयात लोकांच्या जमिनी मोजल्या, जमिनी संपल्या तेव्हा माणसं मोजायला घेतली.

त्यांच्याकडे एकच रायफल आहे, पॉइंट टू टू, म्हणजे अगदी बारीक गोळीची. वडिलांनी पिकाच्या राखणीसाठी लायसन काढलं होतं, ते पुढे रीतसर मामांच्या नावावर झालं. पण मामांनी तिनं आजवर साधा होला मारला नाही. मारतात तो कागद. "कागदाला पोरंबाळं नसत्यात," असं म्हणतात आणि विषय संपवतात.

माझं अंबडला चष्म्याचं दुकान आहे. मामांची माझी ओळख तिथलीच. एका दुपारी आले आणि म्हणाले, "ताई, मला लांबचं बी नको अन् जवळचं बी नको. मला एवढ्यावरचं पाहिजे." आणि डावा हात लांब करून बोटाच्या पुढं आणखी अर्धा हात हवा दाखवली. म्हटलं, मामा, तिथं काय आहे? "मक्खी हाय." मी माश्या मारायचं औषध शेजारच्या दुकानात मिळतं म्हणून सांगितलं. मामा हसले नाहीत. त्यांनी मला बसवून शिकवलं की नळीच्या टोकाला एक बारीक खुंटी असते, तिला मक्खी म्हणतात, आणि नेम धरताना नजर तिच्यावर ठेवायची. "समदे लोक निशाण्याकडं बघत्यात, तिथंच फसत्यात. लांबचं धुरकट दिसलं तरी चालतं, ताई. मक्खी साफ पाहिजे."

वीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. मी तसा चष्मा करून दिला. तो लावून मामांना रस्ता दिसत नाही आणि पेपरही वाचता येत नाही, पण दीड हातावरचं जग असं लख्ख दिसतं की विचारू नका. चष्मा घेताना सवयीप्रमाणे त्यांनी माझाही हात धरला. टेप लावली. "बारा," म्हणाले. पुढचा निकाल आलाच नाही. टेपेची गुंडाळी केली, खिशात घातली आणि समोरचा चहा तसाच ठेवून निघून गेले. मला वाटलं, बाराचा काहीतरी अपशकुन असेल.

मग त्यांनीच मला क्लबात ओढलं. आमचा क्लब म्हणजे गावाबाहेरची एक बंद पडलेली खदान, समोर मातीचा उंच बांध, अलीकडे पत्र्याचं शेड आणि खाली चार सतरंज्या अंथरलेल्या. परवानगी, लाल झेंडा, सगळं कायदेशीर. रविवारी सकाळी आठ-दहा जण जमतात. तिथं मामांचं राज्य चालतं. एकदा एका पुढाऱ्याचा पोरगा आला आणि म्हणाला, मामा, सगळ्यात मोठी बंदूक कोणती घेऊ? मामा म्हणाले, "मोठी बंदूक म्हंजी लग्नातला डीजे. आवाज लई, ऐकू काहीच येत न्हाई. पॉइंट टू टू म्हंजी घरची भाकर. धक्का न्हाई, दणका न्हाई, खर्च बी झेपतो. आधी ही पचव." पोरगा परत आला नाही. मामांना त्याचं काहीच वाटलं नाही.

या रायफलीची गोळी करंगळीच्या एका पेराएवढी. तिच्या बुडाच्या काठावर टिचकी बसली की ती सुटते, म्हणून तिला रिमफायर म्हणतात. गोळी न भरता कोणी उगीच चाप ओढून टकटक केली की मामा शेडच्या दुसऱ्या टोकाहून ओरडतात, "आरं, रिकामी मारू नको! नळीचा काठ खराब होतो! रिकामं भांडं चुलीवर ठेवतोस का घरी?" गोळ्यांच्या बाबतीत तर त्यांचा हट्ट विचारूच नका. चार कंपन्यांच्या गोळ्या मारून बघायच्या आणि आपल्या रायफलीला कोणती मानवते ते ठरवायचं. मग जग इकडचं तिकडं झालं तरी तीच वापरायची. "हिला ही पचती, ती पचत न्हाई," हे ते अगदी सुनेच्या डोहाळ्यांसारखं सांगतात. आणि चाप कसा ओढायचा? "वढायचा न्हाईच मुळी. झोपल्या लेकराच्या डोक्याखालून आपला हात काढतो ना ताई, तसं. त्याला कळलं न्हाई पाहिजे."

निवडणूक लागली की सगळ्यांना आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तेव्हा मामांची अवस्था बघवत नाही. रायफल फुलाफुलांच्या, नाडीवाल्या पिशवीत घालून नेतात आणि हवालदाराला बजावतात, "उभी ठेवा, आडवी नको. भिंतीला वल हाय." मग एक दिवसाआड तेलाची बाटली आणि मऊ फडकं घेऊन भेटीला हजर. हवालदार म्हणतो, "मामा, परवाच बघितली ना?" मामा म्हणतात, "परवा ढगाळ नव्हतं."

एवढं सगळं असून गंमत अशी की आमच्या क्लबात सगळ्यात वाईट नेम मामांचा. कागदावर त्यांच्या गोळ्या पेरणी केल्यासारख्या पडतात. कारण आंधळ्यालाही दिसावं. त्यांच्या रायफलीचा दस्ता आखूड आहे, चांगला दोन बोटं कापलेला. मामा सहा फुटी माणूस. सतरंजीवर आडवे झाले की मोठ्या माणसानं बालवाडीच्या बाकावर बसावं तसे दिसतात. मान दुमडलेली, नाक अंगठ्यावर, हात कोंबडीच्या पंखासारखे. साऱ्या तालुक्याचं माप घेणारा माणूस स्वतः बेमाप रायफल घेऊन लोळतो. आम्ही विचारायचो, मामा, तुमच्या मापाचं काय? "माझं चालून राह्यलंय बराबर," एवढं बोलून ते दुसऱ्याच्या कोपरात बोट खुपसायला निघून जायचे.

आणि एके दिवशी मानेनं संप केला. मामा दुकानात आले ते तिरपे. माझ्याशी बोलताना बघत होते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. जालन्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मान अशी दुमडून झोपणं बंद, नाहीतर रायफल बंद. मामांना रविवार सोडून आठवड्यात दुसरा वार नव्हता. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. रायफल सुटली असती तर त्यांचं काय उरलं असतं, या विचारानं मलाच कसंतरी झालं.

आमच्यातले रशीदभाई सुतारकाम करतात. त्यांनी दस्ता हातात घेऊन उलटापालटा केला. "मामू, ये तो आसान है. दस्ता कापलेला हाय. कापलेला तुकडा असंल तर आणा, दोन स्क्रू मारतो, चहा थंड व्हायच्या आत काम होतं."

"तुकडा हरवला," मामा म्हणाले.

कप्पाळ! साऱ्या तालुक्यातले गाडलेले हद्दीचे दगड ज्यांना तोंडपाठ, त्यांचा घरातला तुकडा हरवला! आणि म्हणाले ते रशीदभाईंच्या चपलांकडं बघत. मामांना खोटं अजिबात बोलता येत नाही. पण पुढं कोण विचारणार? रशीदभाई म्हणाले, मग नवा दस्ता करू. "दस्ता बदलायचा न्हाई," मामा म्हणाले, आणि पिशवीची नाडी ओढून घेतली.

पुढचे काही रविवार ते नुसते खुर्चीवर बसले. मग खुर्चीही रिकामी राहायला लागली. कोणी ओरडेना, कोणी हात धरेना. लोक खुशाल रिकामी टकटक करायला लागले. तेव्हा मी उठले आणि मामांचं घर गाठलं.

मामांनी चहा टाकला. मी बैठकीत बसले होते. कोपऱ्यात मामींचं शिवणाचं मशीन, वर विणलेला रुमाल. इतक्या वर्षांत धुळीचा कण नाही, चाकाला ताजं तेल. बाजूला फुलाफुलांच्या कापडाचा एक तुकडा घडी घालून ठेवलेला, रायफलीच्या पिशवीचंच कापड. मी सहज मशीनवर हात टेकला आणि खाली बघितलं. शहाबादी फरशी त्या कोपऱ्यात खचलेली होती. मशीनच्या एका पायाखाली लाकडाचा ठोकळा होता. तांबूस, पॉलिश केलेला, एक बाजू खांद्याला बसावी तशी खोलगट.

मामा चहा घेऊन आले. मी खाली बघते आहे हे त्यांनी बघितलं. कप ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"तिचा हात पुरंना, ताई," ते म्हणाले. "रविवारी माझा डबा घिऊन येयाची खदानीवर. एक दिवस म्हन्ली, मला बी बघू द्या की. लोळली सतरंजीवर. बारा इंच हात. चापापतूर बोट जाईना. सगळे हासले. मंग त्याच दिवशी घरी येऊन करवत घेतली अन् कापला दस्ता. बापाची बंदूक कापली म्हणून भावकीनं लई बोंब मारली." ते थोडं हसले. "अशी मारायची ताई ती! माझ्या गोळ्या कागदभर अन् तिच्या समद्या एका रुपयात. अन् हा तुकडा तिनंच उचलला. म्हन्ली, जगाच्या जमिनी मोजता, घरची फरशी काय तुमच्यानं सरळ होईना, माझं मशीन डुगडुगून राह्यलंय कवाधरनं. दिला सारून पायाखाली."

खिशातली टेपसुद्धा तिचीच, हे मला तेव्हा कळलं.

"मामा," मी म्हटलं, "आपण याच्या जागी दुसरं काहीतरी लावू या. वीट, पुठ्ठा, काहीही. हा काढू. तुमची मान सुटेल."

"नको नको," मामा घाईनं म्हणाले. "डुगडुगंल ना मंग ते."

त्या मशीनवर आता कोण शिवणार होतं? पण हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी पुन्हा रुमाल सारखा केला आणि घरी आले. वाटेत खूप रडले, खोटं कशाला सांगू?

रशीदभाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी रंधा पुसून बाजूला ठेवला. मग सागाचा एक तुकडा काढला आणि म्हणाले, "नवा बनवतो. लेकिन पक्का नाही करायचा. निघेल असा." रविवारी ते स्वतः मामांना स्कूटरवर घेऊन आले. नवा तुकडा रंगानं जरा पिवळा, चक्क ठिगळ दिसत होतं. मामांनी तो चारदा लावला, चारदा काढला. दरवेळी विचारत होते, "निघतो ना पर? जुनी होती तशी होती ना परत?" रशीदभाई म्हणाले, "हो मामू, बिलकुल तशीच."

मामा आडवे झाले. पहिल्यांदाच त्यांचे पाय, पाठ आणि मान एका रेषेत आले. आणि काय सांगू, गोळ्या सगळ्या मध्यावर! रशीदभाईंनी टाळ्या वाजवल्या. मामा उठून बसले ते वैतागलेलेच. "आता चुकली तर सांगायचं काय लोकाला?" म्हणाले. म्हणजे आमचे मामा परत आले होते.

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला. नवा तुकडा काढला, खिशात टेपेशेजारी ठेवला आणि आखूड रायफल माझ्यापुढं धरली.

"या ताई. बारा."

इतकी वर्षं ती रायफल त्यांनी कोणाला खांद्याला लावू दिली नव्हती. मी सतरंजीवर झोपले. दस्ता खांद्यात असा बसला, जणू माझ्यासाठीच कापला होता. गाल टेकला तिथं लाकूड गुळगुळीत झालेलं होतं, आणि ते मामांच्या गालानं झालेलं नव्हतं. माझ्या शेजारी दीड हातावर मामा मांडी घालून बसले, तो माझ्याकडचा चष्मा लावून.

"श्वास आर्धा सोडा," ते हळूच म्हणाले. "मक्खी बघा. लांबचं धुरकट दिसू द्या."

गोळी सुटली. मला काही दिसलं नाही. मी मान न वळवता विचारलं, "कुठं लागली, मामा?"

मी वळून बघितलं. मामांचं तोंड बांधाकडं नव्हतंच. ते माझ्या खांद्याला लागलेल्या त्या आखूड दस्त्याकडं बघत होते.

"मी तिकडं बघितलंच न्हाई, ताई," ते म्हणाले. "आणखी एक मारा."