कारणाचा रकाना

रविवार, ९ मार्च, सकाळचे दहा. हजर: अण्णा सोनवणे, वय एकाहत्तर, त्यांची मुलगी मीरा, अमेरिकेतून, लॅपटॉपवर, आणि मी, समोरच्या फ्लॅटमधली, स्कॅनर माझा म्हणून. गैरहजर: तिकडचा वकील. त्याची गैरहजेरी नोंदवायचा आग्रह अण्णांचा.

डायनिंग टेबलावर कागदांचे गठ्ठे होते आणि प्रत्येक गठ्ठ्याला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा टॅग. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे रिवर्क, लाल म्हणजे रिजेक्ट.

अण्णा ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, अण्णांनी टॅग छापून घेतले. टॅगवर चार रकाने: वस्तू, तारीख, निकाल, कारण. चौथा रकाना रिकामा राहिलेला त्यांना खपत नाही. "कारण लिहा," ते सगळ्यांना सांगतात. "कारण नसेल तर तो निकाल नाही, नुसता राग आहे."

माझ्या पुरणपोळीला एकदा पिवळा टॅग मिळाला. कारण: कडा मध्यापेक्षा जाड. मी आठ दिवस बोलले नाही. पुढच्या होळीला कडा जरा जपून लाटल्या, हेही खरं. मीराला सांगून आलेल्या एका स्थळालाही त्यांनी पिवळा दिला होता. तो मुलगा नंतर दुसरीकडे पास झाला.

मला मात्र अण्णा म्हटलं की आमच्या गच्चीवरची जुनी संक्रांत आठवते. सोसायटीतली पोरं पतंग घेऊन रांगेत उभी. अण्णा प्रत्येक पतंग बोटावर तोलणार. शेजारी आठ वर्षांची मीरा, गळ्यात टॅगची माळ, हातात पेन्सिल.

"कारण काय लिहू, अण्णा?"

"लिही, डावीकडे ओढतो."

खालून मंदाकाकू, मीराची आई, तिळगुळाचा डबा घेऊन यायच्या. "झालं का तुमचं? पोरं म्हातारी होतील रांगेत." काकूंना जाऊन आता सहा वर्षं झाली.

मीरा मोठी होऊन साच्यांचं डिझाइन करू लागली. सातपूरच्या एका कारखान्यात सहा वर्षं काम केलं, मग अमेरिकेत शिकायला गेली. तिथल्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली आणि तिच्या व्हिसासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. तिचं काम खास कौशल्याचं आहे हे कागदांवरून दिसत नाही, असं पत्र आलं. अपिलाला मुदत तीस दिवस. नाहीतर मीरा परत.

अण्णा अमेरिकेवर भडकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पत्र भिंग लावून दोनदा वाचलं.

"माणूस व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "कारण लिहिलंय. आणि बरोबर लिहिलंय."

सातपूरच्या अनुभवपत्रात एकच ओळ होती: साच्यांचं डिझाइन इत्यादी. अण्णांनी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. "इत्यादी म्हणजे तपासलंच नाही. पिवळा टॅग द्या, शैलाताई."

"अण्णा, अपील कंपनी करणार आहे," मीरा लॅपटॉपमधून म्हणाली. "त्यांचा वकील आहे."

"अपील कंपनीने करावं. इन्स्पेक्शन मी करतो."

"तुम्हाला नेमलंय कोणी?"

"तुला गच्चीवर नेमलं तेव्हा तू विचारलंस?"

मी अकरा कामांची यादी केली. चौथं काम नवं अनुभवपत्र. त्यासाठी आम्ही माझ्या स्कूटरवरून तीनदा सातपूरला गेलो. पहिल्यांदा मॅनेजरने तिथल्या तिथे पत्र दिलं: अत्यंत कुशल, मेहनती, मनमिळाऊ. अण्णांनी त्या पत्राला मॅनेजरच्याच टेबलावर टॅग बांधला. कारण: कौतुक नको, काम लिहा.

तिसऱ्या खेपेला चार पानं मिळाली. कुठला साचा, तो कुठे अडत होता, मीराने त्यात काय बदललं, त्याने काय फरक पडला. मॅनेजर म्हणाला, "साहेब, तिने काय केलं ते आता मलाच नीट कळलं." त्या पानांना हिरवा टॅग लागला. पंचविसाव्या दिवशी सगळे कागद वकिलाला गेले.

त्या संध्याकाळी मीराने फोन केला. तिने ती पानं वाचली होती. "अण्णा, एवढं चांगलं तुम्ही कधी बोलला नाहीत माझ्याबद्दल."

"मी कुठे बोललो? कंपनीने लिहिलंय."

मग फोन ठेवण्याआधी ते नेहमीप्रमाणे सटाण्याच्या बोलीत उतरले. ही बोली आता फक्त तिच्यासाठी उरली आहे. "आठे बठ्ठं बरं शे, माय. तू जेवनी का?" इथे सगळं ठीक, तू जेवलीस का, एवढंच.

ते चहा टाकायला गेले. मी फाईल ठेवायला मीराच्या खोलीकडे वळले. दार उघडलं तर नव्या रंगाचा वास आला. खिडकीशी ड्रॉइंगचं मोठं टेबल, त्यावर नवा दिवा, पलंगावर धुतलेली चादर. दाराच्या आतल्या कडीला दोन टॅग लटकत होते.

हिरवा. वस्तू: मीराची खोली. तारीख: नामंजुरीचं पत्र आलं त्याच्या पाचव्या दिवसाची, म्हणजे आमच्या पहिल्या बैठकीच्या सकाळची. निकाल: पास. कारण: मीरा परत येतेय.

लाल. वस्तू तीच. तारीख: कागद वकिलाला गेले त्या दिवसाची. निकाल: रिजेक्ट. कारणाचा रकाना कोरा होता.

"चहा निवतोय, शैलाताई," अण्णांनी स्वयंपाकघरातून हाक मारली. मी दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जाऊन चहा प्यायले. चहा फार गोड होता.

अपिलाचा निकाल अजून यायचा आहे. माझ्या यादीतल्या अकराही कामांपुढे टिक आहे. बारावं मी त्या दिवशी घरी आल्यावर लिहिलं: मीराला खोलीचं सांगणे. सांगितलं तर ती अपील नको म्हणेल, सामान बांधून येईल, आणि अण्णा मला जन्मभर माफ करणार नाहीत. फोन दोनदा हातात घेऊन ठेवून दिला. बाराव्या कामापुढे टिक नाही.