तीन लेन्स आणि अर्धं कपाट

लग्न रविवारी होतं, आणि शनिवारी सकाळी चष्मेवाला जेवणाच्या टेबलावर तीन लेन्स मांडून त्यांच्याकडे बघत बसला होता. चहा दोनदा गार झाला. पहिल्यांदा बायकोनं तो पुन्हा गरम करून दिला, दुसऱ्यांदा उचलून बेसिनमध्ये ओतला.

"अहो, फोटो काढायचेत की या तिघींतली एक पसंत करायचीय?" एवढं विचारून ती आपल्या कामाला लागली.

एक लेन्स त्याची स्वतःची होती. बाकीच्या दोन त्यानं दुकानाशेजारच्या दाताच्या डॉक्टरांकडून मागून आणल्या होत्या. डॉक्टरांना सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद होता. त्या दोघींतल्या रुंद लेन्समध्ये अख्खी खोली मावायची, पण कडेला बसलेलं माणूस फुगून दिसायचं. लांब लेन्सला चिमणीच्या डोळ्यातलं कुसळही दिसलं असतं, पण तिच्यासाठी निदान दहा पावलं मागे जाऊन उभं राहावं लागे. त्याची स्वतःची मधली लेन्स गरीब स्वभावाची होती. डोळ्याला दिसतं तेवढंच ती दाखवायची. मात्र लहान खोलीत दोन माणसं एका फोटोत हवी असली, तर ती एकमेकांना खेटून बसायला हवीत.

दुसरा कुणी यातली एक उचलून घराबाहेर पडला असता. पण चष्मेवाल्याची बावीस वर्षं एकाच प्रश्नात गेली होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, एक काच घालायची, ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" ठरवायचं काम कायम समोरच्याचं. त्यामुळे आपणहून काही ठरवायची त्याची सवयच मोडली होती. चपला घ्यायला जातानासुद्धा तो बायकोला बरोबर न्यायचा. शेवटी त्यानं तिन्ही लेन्स पिशवीत भरल्या. तयारीचा प्रत्येक फोटो तिन्ही लेन्सनी काढायचा आणि त्यातला बरा असेल तो ठेवायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं. बावीस वर्षांत त्यानं एकट्यानं ठरवलेली ही पहिली गोष्ट, आणि तीच नडली.

लग्न त्याच्या शाळेपासूनच्या मित्राचं होतं. मित्र पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोकरीला, वय शेहेचाळीस, उंची सहा फुटांच्या वर. म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. वाचनालयात काम करणाऱ्या एका बाईंशी त्याचं जमलं होतं. लंबू दर आठवड्याला चार पुस्तकं आणायचा आणि न वाचता परत द्यायचा, हे त्या बाईंना तिसऱ्याच महिन्यात कळलं होतं. घोडं अडलं होतं ते लंबूच्या आईपाशी. तिला मुलगी नापसंत होती असं मुळीच नाही. पण लंबूनं घरी काही सांगायच्या आत शिंप्यानं पँटच्या उंचीबद्दल विचारायला घरी फोन केला आणि "लग्नाचा सूट आहे, चूक नको," असं तिला सांगितलं. आपल्या एकुलत्या एका मुलाचं लग्न तिला शिंप्याकडून कळलं. त्या दिवसापासून, म्हणजे गेला महिनाभर, ती मुलाशी एक अक्षर बोलली नव्हती. गुडघे दुखतात, मी काही हॉलवर यायची नाही, असं तिनं शेजारणीला सांगितलं होतं, आणि शेजारणीनं ते लंबूला.

गुरुवारी लंबू दुकानात आला होता तो हेच सांगायला. हॉलवर फोटोवाला ठरलेलाच होता. पण आई येणार नाही म्हटल्यावर त्या सगळ्या फोटोंत ती नसणार.

"तू शनिवारी घरी ये. तयारीचे फोटो काढायला म्हणून ये," तो चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमशी चाळा करत म्हणाला. "बाकी काही नको. आमचा दोघांचा एक फोटो काढ. आई आणि मी, एकत्र. तेवढा नसला ना, तर लग्न झाल्यासारखं नाही वाटणार मला."

तीन लेन्सची पिशवी खांद्याला लावून चष्मेवाला तीन मजले चढून गेला तेव्हा त्याला धाप लागली होती. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत एका टोकाला खिडकीपाशी खुर्चीत आई बसली होती आणि पाहुण्यांना द्यायच्या डब्यांना रिबिनी बांधत होती. दुसऱ्या टोकाला लंबू कपाट उपसत होता. उद्यापासून अर्धं कपाट बायकोचं होणार होतं. मध्ये इस्त्रीचं टेबल उभं होतं. लग्नाला यायचं नाही म्हणणारी बाई पहाटेपासून नव्वद डबे बांधून बसली होती, पण हे तिला बोलून दाखवायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

"ये भिंग्या," आई म्हणाली. शाळेत जाड चष्मा होता तेव्हा पडलेलं हे नाव. "त्याला सांग, हिवाळ्याचे कपडे खालच्या कप्प्यात ठेव म्हणावं."

"आईला सांग, खालच्या कप्प्यात बूट आहेत," लंबू कपाटातूनच म्हणाला.

चष्मेवाल्यानं दोन्ही निरोप पोचवले. दोघांनाही ते आधीच ऐकू आले होते, पण त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुणी मान हलवायला तयार नव्हतं.

आधी त्यानं रुंद लेन्स लावली. इकडे आई, तिकडे मुलगा, मध्ये इस्त्रीचं टेबल. सगळं एका फोटोत आलं. पहिल्याच फोटोत काम झालं म्हणून तो इतका खूष झाला की त्यानं तो कॅमेऱ्यावरच आईला दाखवला. तिनं तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"ही कोण बसलीय?"

"काकू, तुम्हीच."

"हा दंड माझा?"

कडेची माणसं जरा रुंद येतात, लेन्सचा दोष आहे, असं त्यानं समजावून सांगितलं. मग मधल्या टेबलाला बसवायचं होतंस कडेला, आमच्या घरात माणसं कडेला टाकायची पद्धतच पडलीय, असं ती म्हणाली. हे कुणाला उद्देशून होतं ते कपाटापर्यंत पोचलं. लंबूनं एक स्वेटर जरा जोरात आपटला.

मग लांब लेन्स. तुलना करायची तर प्रसंग तोच हवा, म्हणून उपसलेले कपडे कपाटात परत भरून पुन्हा उपसायला चष्मेवाल्यानं लंबूला सांगितलं. बांधून झालेल्या चार डब्यांच्या रिबिनी सोडवून त्यानं त्या आईच्या हातात दिल्या. तो डोळ्याला कॅमेरा लावून मागे सरकू लागला. मागे सरकता सरकता दाराबाहेर गेला, तिथून जिन्यावर, वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या पायऱ्या उलट्या चढून चौथ्या पायरीवर पोचला. आता उघड्या दारातून दोघं झकास दिसत होते. त्यानं श्वास रोखला, आणि वाऱ्यानं दार धाडकन बंद झालं.

दाराला लॅच होतं. ते आतूनच उघडायचं. त्यानं बेल वाजवली. आत काहीच हालचाल नाही. पुन्हा वाजवली. थोड्या वेळानं आतून आईचा आवाज आला.

"भिंग्या, त्याला सांग दार उघडायला."

"काकू, मी बाहेर आहे."

"बाहेरून सांग."

त्यानं बाहेरून सांगितलं. माझ्या हातात शर्टांची चळत आहे, आईला म्हणावं तू दाराच्या जवळ आहेस, असं उत्तर आलं. तेही त्यानं बंद दाराला तोंड लावून आत पोचवलं. माझे गुडघे, असं आई म्हणाली. ते त्यानं लंबूला कळवलं. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन आले आणि हा माणूस एकदा बाईच्या वतीनं, एकदा पुरुषाच्या वतीनं दाराशी भांडतोय हे बघून, काही न विचारता भिंतीला अंग चोरत वर निघून गेले. दहा मिनिटं झाली. चष्मेवाल्याचे पाय दुखायला लागले. आपण दुकान अर्धा दिवस बंद ठेवून हे काय करतोय, असा प्रश्न त्याला पडला, पण हा प्रश्न विचारायला समोर गिऱ्हाईक नव्हतं.

अखेर दोघांनाही एकदमच दया आली असावी. दार उघडलं तेव्हा लॅचवर दोघांचे हात होते आणि दोघं खांद्याला खांदा लावून चौकटीत उभे होते. महिन्याभरात पहिल्यांदा. चष्मेवाल्यानं झटकन कॅमेरा उचलला. पण ती लांब लेन्स. हातभर अंतरावरचं तिला काही दिसेना. नुसता धुरकट तपकिरी रंग, बहुधा लंबूच्या शर्टाचं बटण. तो मागे सरकून पायरी चढेपर्यंत आई खुर्चीकडे वळली होती.

"आता शेवटचं," घरात आल्यावर तो म्हणाला. मधली लेन्स लावायची, तर त्यांना जवळजवळ बसायला हवं होतं. त्यानं आईला कपाटाशेजारच्या पलंगावर आणून बसवलं, लंबूला तिच्या बाजूला बसवलं, आणि कपाट पुन्हा भरून तिसऱ्यांदा उपसायला लावलं. पलंगभर कपड्यांचा ढीग झाला. पायमोजे, मफलर, बाह्या उसवलेले शर्ट, सगळं दोघांच्या मांडीवर आलं. मग त्यानं कॅमेऱ्याची लांब लेन्स काढली, कॅमेरा इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि मधली दुसऱ्या हातात घेतली. तिच्यावर बोटाचा ठसा होता. तो सदऱ्याच्या टोकानं पुसू लागला. पुसून उजेडात धरली, पुन्हा पुसली.

आई हे सगळं बघत होती. मांडीवरचा शर्ट घडी करून तिनं बाजूला ठेवला आणि थकून सुस्कारा सोडला.

"हा पहिल्यापासून असाच आहे का रे?"

चष्मेवाल्याला वाटलं, आता हा प्रश्न आपण लंबूला पोचवायचा. पण प्रश्नातला 'हा' तो स्वतःच होता, आणि ती थेट मुलाकडे बघून विचारत होती.

"शाळेत चित्रकलेच्या तासाला तासभर पेन्सिलीला टोक करायचा," लंबू म्हणाला. "कागद कोराच द्यायचा."

"आणि तू याला बोलावलंस."

"दुसरा कोण येणार होता? तू बोलत नव्हतीस."

आई हसली. म्हणजे आधी ओठ दाबून धरले, आणि मग तिला ते धरवेना. लंबूही हसला. हसता हसता तो हातातल्या मोज्यांची जोडी लावू लागला.

"मी सांगणार होतो, आई. रोज सांगणार होतो. तुझ्याकडे बघून सांगावं लागलं असतं ना, ते जमत नव्हतं. वाटायचं, तुला एकटं पडल्यासारखं होईल."

"महिनाभर एकटीच होते की," ती म्हणाली. "घरात असून."

आईनं लंबूची मुडपलेली कॉलर सरळ केली आणि हात तसाच त्याच्या मानेवर ठेवला. चष्मेवाला दोन हातांत दोन लेन्स घेऊन उभा होता. पलंगावर कपडे, खुर्चीत डबे, टेबलावर कॅमेरा. एकही लेन्स ठेवायला जागा नव्हती. ज्याच्यासाठी बोलावलं होतं तोच हा फोटो, एवढं त्याला कुणाला न विचारता कळलं. पण जरासा आवाज झाला तरी हे मोडेल असं वाटून तो जागचा हलला नाही. त्याला भरून आलं होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"काढलास का रे?" बऱ्याच वेळानं आईनं विचारलं.

"नाही काकू."

लंबूचा चेहरा उतरला. आईनं मात्र चष्मेवाल्याच्या एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे, मग टेबलावरच्या उघड्या कॅमेऱ्याकडे.

"याच्या भरवशावर राहिले, तर मी गेल्यावरच माझा फोटो निघायचा," ती म्हणाली. "त्या हॉलवाल्याला तरी पटकन काढता येतो ना? किती वाजता निघायचंय उद्या?"

"साडेनऊला," लंबू कसंबसं म्हणाला.

"मग साडेआठला तयार असते मी. गाडी दारापर्यंत आण, गुडघे खरंच दुखतात." मग तिनं मांडीवरच्या शर्टांची चळत उचलली आणि चष्मेवाल्याकडे पुढे केली. "आणि तू, भिंग्या, ती खेळणी ठेव आधी. एवढं कपाट लावून दे. एकदाच लाव."

चष्मेवाल्यानं दोन्ही लेन्स पिशवीत घातल्या, जमिनीवर बसकण मारली आणि कपाट लावायला सुरुवात केली. स्वेटर वरच्या कप्प्यात ठेवायचे की खालच्या, हे विचारायला त्यानं मागे वळून पाहिलं. पलंगावर दोघं उद्याच्या पाहुण्यांबद्दल एकाच वेळी बोलत होते. मग त्यानं ते वरच्या कप्प्यात ठेवून दिले.