पहिल्या पसंतीचं टेबल

सन २०११, उन्हाळ्याचा शेवटचा आठवडा. माझ्या नातीला दोन मेडिकल कॉलेजांत जागा मिळत होती. कुठे जायचं हे घरातले सगळे मिळून ठरवत होते, मला सोडून. मी चौथी शिकलेला सुतार. पण चाळीस वर्षं दारं बसवली आहेत. जागा कशी आहे ते मला बिजागरीवरून कळतं. म्हणून दोन्ही कॉलेजं मी स्वतः पाहायचं ठरवलं. (कोणी बोलावलं नव्हतं.)

पहिल्या कॉलेजची दारं उत्तम.

"तिथे पेशंटच येत नाहीत, आजोबा. शिकायचं कशावर?"

"दारं अजिबात करकरत नाहीत."

"कोणी उघडतच नाही, तर करकरतील कशी?"

तिला दुसरं हवं होतं. तिथे जागा पक्की करायची मुदत शुक्रवारी बारापर्यंत. साडेदहाला आम्ही क्लार्कसमोर बसलो. तो लिहायला लागला की टेबल डुगडुगायचं.

"जिथलं टेबल हलतं, तिथले डॉक्टर टाके काय घालणार?" मी विचारलं.

"आजोबा, हळू बोला."

मी बोलणंच बंद केलं. क्लार्क कपाटात फाइल शोधत होता, नात झेरॉक्स काढायला गेली. मी हाताला लागलेल्या एका कागदाच्या चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या पायाखाली सारल्या. (सुताराला हलतं टेबल बघवत नाही.)

नात परत आली. "आजोबा, प्रवेशाचं पत्र कुठेय?"

"मला काय विचारतेस?"

"तुम्हालाच हे कॉलेज नको होतं ना?"

जन्मात दुसऱ्याच्या खिळ्याला हात लावला नाही, आणि माझी नात मला चोर ठरवत होती. मी खिसे उलटे करून दाखवले. पेन्सिल, दोन स्क्रू, चष्मा. तिने पिशवी रिकामी केली. पावणेबारा वाजले.

"दोन वर्षं रात्रंदिवस अभ्यास केलाय मी, आजोबा."

"मूळ पत्र नाही, तर शिक्का नाही," असं म्हणून क्लार्कने टेबलावर हात आपटला. टेबल हललं नाही. त्याने पुन्हा आपटला.

"हे हलेनासं कधी झालं?"

मी गुडघे टेकून खाली शिरलो. पत्र तिथेच होतं. आणि वर, फळीच्या पोटाला, पटाशीने मारलेल्या तीन खाचा होत्या. ही माझ्या कारखान्याची खूण. साठ टेबलांची ऑर्डर, घाई, ओलं लाकूड. खाली वाकून कोण बघतंय, असं तेव्हा मीच म्हणालो होतो.

"सापडलं?" नातीने विचारलं.

"सापडलं."

"इतका वेळ काय करताय मग? आणखी काही आहे का खाली?"

"काही नाही."

बाराला पाच कमी असताना शिक्का बसला. टेबल पुन्हा हलायला लागलं होतं, त्यामुळे वाकडा बसला.

सोमवारी मी हत्यारांची पिशवी घेऊन एकटाच गेलो. जुना पाय काढला, वाळलेल्या सागवानाचा नवा बसवला.

"किती द्यायचे, बाबा?" क्लार्कने विचारलं.

"मिळालेत."

"कधी?"

"एक्क्याऐंशी साली."