एक नंबर तुमचाच

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सभापती पुंडलिकराव ओसरीवर दाढी करायला बसले. एका गालाची झाली होती, दुसऱ्याला साबण फासलेला होता, तेवढ्यात नाल्यापलीकडच्या वस्तीतला डोमाजी फाटकातून आत आला. २००४ साल होतं आणि विधानसभेची निवडणूक दारात येऊन उभी होती. पंचायत समितीत बारा वर्षं घासलेल्या पुंडलिकरावांना या वेळी आमदारकीचं तिकीट पाहिजे होतं. पक्षाकडे मागणारे तिघं होते, त्यामुळे अर्ध्या दाढीनंही माणसाशी गोड बोलणं भाग होतं.

"साहेब, पुलाचं का झालं?" डोमाजीनं पायरीवर बसत विचारलं. "पोट्टे गुडघाभर चिखलातून शाळेत येऊन राह्यले."

"डोमाजी, तुमचा पूल यादीत एक नंबरवर हाये. फक्त कोनाले सांगू नोका. बाकीच्या गावचे माहा जीव खातीन."

"सहा वर्षांपासून एक नंबरवर हाये, साहेब."

"मंग? सहा वर्षांत खाली आला का? नाई ना?"

तो रामराम करून गेला. पुंडलिकरावांनी उरलेला गाल तासायला घेतला. माणूस मनानं वाईट नव्हता. फक्त 'नाही' हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी बसलाच नव्हता. लहानपणी शाळेत "गृहपाठ केला का?" असं विचारलं तरी ते "हो" म्हणत आणि मग मार खात.

डोमाजीच्या पाठोपाठ मोतीलाल कापडवाले आले. मोहखेडीच्या बाजारात त्यांचं दुकान. दुकानाच्या पायरीवर जे बोललं जाई ते संध्याकाळपर्यंत वीस गावांत पोचत असे.

"सभापतीजी, परवा तान्हा पोळा," मोतीलाल म्हणाले. "नातवासाठी सिंदीवरून सागवानी नंदी बनवून आणला. छातीइतका उंच. चार मानसं लागली उतरवाले. आता ढाल कोनाले भेटन ते तुमीच सांगा."

मोठ्यांचे बैल पोळ्याला मिरवतात, तसे दुसऱ्या दिवशी लेकरांचे लाकडी नंदी मिरवतात. मोहखेडीत सर्वांत छान सजवलेल्या नंदीला ढाल मिळे. ढाल हातभर उंचीची, पण आयाबापांच्या लेखी ती देशाचा मोठा सन्मान होती.

"एक नंबर तुमचाच, मोतीलालजी," पुंडलिकराव टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले. "फक्त कोनाले सांगू नोका."

दुपारी बचत गटांच्या मंदाबाई आल्या. त्यांच्या मागे नऊ गट आणि दीडशे बाया. त्यांच्या मुलीनं नंदीला आरशाची झूल शिवली होती. पुंडलिकरावांनी झूल पाहिली, हरखून गेले, आणि म्हणाले, "ताई, एक नंबर तुमचाच. कोनाले सांगू नोका मात्र." मग दूध डेअरीवाले आले. भजनी मंडळवाले आले. सुतार आला, कारण गावातले निम्मे नंदी त्याच्याच हातचे होते आणि त्यांतलाच एक त्याच्या मुलाचा. असे अकरा जण येऊन गेले आणि कोणीही रिकाम्या हातानं परत गेलं नाही.

खांबाला टेकून नात आचल आपल्या नंदीची शिंगं रंगवत होती. सातवीतली पोर, हात रंगात, कान ओसरीवर.

"आबाजी, मंग माहा नंबर कोनता?"

"तुया? तुया तर एक नंबर, बेटा! पन कोनाले सांगजो नोको."

आचलनं ब्रश बुडवला आणि नंदीच्या पोटाखाली, जिथं कुणाला दिसणार नाही, तिथं आधीच्या अकरा ठिपक्यांशेजारी बारावा ठिपका दिला.

संध्याकाळी पत्नी प्रमिलाबाईंनी चहाचा कप पुढे ठेवला आणि विचारलं, "अवो, ढाली किती हायेत?"

"एक."

"आन् तुमी वाटल्या किती?"

पुंडलिकरावांनी बोटं मोजायला घेतली. दोन्ही हातांची संपली तेव्हा चहावर साय धरली होती. त्यांनी चपला घातल्या आणि थेट माणिक गुरुजींचं घर गाठलं.

गुरुजी निवृत्त झालेले, पण तान्हा पोळा तीस वर्षांपासून त्यांच्याच हातात. परीक्षक तेच, निकाल सांगणारेही तेच.

"गुरुजी, या वर्षी एक नंबर थोडे जास्त काढता येतीन का?"

"थोडे म्हंजे?"

"बाराक."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "पुंडलिक, तू माह्याच वर्गात होता. पह्यला म्हंजे किती, हे मी तुले शिकवलं नव्हतं का?"

"बरं, मंग ढाल राहू द्या. सगळ्या लेकराइले वह्या वाटून देतो."

"आन् आचारसंहिता? तू तिकीट मागून राह्यला. वही वाटली की उद्या पेपरात फोटो." गुरुजींनी कोपऱ्यातली ढाल दाखवली. खाली 'सौजन्य : सभापती पुंडलिकराव' असं कोरलं होतं, त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं पांढरी चिकटपट्टी लावली होती. "तुयं नाव झाकाले मले अर्धा तास लागला."

पुंडलिकराव उठले. आता पावसावरच भिस्त होती. पाऊस आला असता तर तान्हा पोळा पुढे गेला असता. पण घरी पोचतात तर फोन वाजत होता. नागपूरहून पक्षाचे निरीक्षक प्रभाकरराव बोलत होते.

"पुंडलिकराव, परवा तुमच्या गावाला येतो. तान्हा पोळा आहे ना? लोकांत तुमचं वजन किती ते डोळ्यांनी पाहायचंय. त्यावरच वरती अहवाल जाईल."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आभाळ असं निरभ्र होतं, जणू कोणी रात्रभर बसून पुसलं असावं.

मारुतीच्या देवळापुढच्या मैदानात साठ-सत्तर नंदी उभे राहिले. कोणाच्या गळ्यात घुंगरू, कोणाच्या शिंगांना बेगड, कोणाच्या पाठीवर आजीची पैठणी. मोतीलालचा सागवानी नंदी चाकाच्या पाटावर मंत्र्यासारखा उभा होता. प्रभाकरराव मंचावर मधल्या खुर्चीत, शेजारी पुंडलिकराव. ते सारखे हसत होते आणि आतून बनियन भिजत होती.

गुरुजी माईकपाशी गेले. "आता निकाल. प्रथम क्रमांक..."

ते चष्मा लावायला थांबले. तेवढा वेळ पुरला. मोतीलालनी नातवाला पुढे ढकललं. मंदाबाईंनी लेकीचा हात धरला. डेअरीवाले निघाले, भजनी मंडळ निघालं, सुतार निघाला. एकाच वेळी अकरा नंदी मंचाकडे गडगडत आले आणि पायरीपाशी शिंगांत शिंगं अडकून बसली.

"अवो ताई, तुमी काऊन आल्या?" मोतीलाल ओरडले. "नंबर आमचा हाये."

"कोन म्हनते?"

"खुद्द सभापतीजी म्हनले!"

"मलेबी त्येच म्हनले! कोनाले सांगू नोका म्हनले!"

"आमालेबी म्हनले, कोनाले सांगू नोका!" डेअरीवाल्यांनी साथ दिली. अकराच्या अकरा जणांनी मंचावर पाहिलं. पुंडलिकराव देवळाच्या कळसाकडे पाहू लागले, जणू कळस त्यांनी आजच पाहिला होता.

"हा काय प्रकार आहे?" प्रभाकररावांनी हळूच विचारलं.

उत्तर द्यायची वेळ आली नाही. वर्गात गोंधळ माजला की काय करायचं हे गुरुजींना चाळीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. "झडत्या!" ते माईकवर गरजले. "निकालाआधी झडत्या! कोन म्हनते?"

पोळ्याची झडती म्हणजे चार-सहा ओळींची चिमटे काढणारी कविता. त्या दिवशी तीत कोणालाही काहीही म्हणावं, ज्याला म्हटलं त्यानं रागावायचं नाही, अशी रीत. आचल नंदी ओढत पुढे आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"आंब्याच्या पानाचं तोरण दारी,
आबाजीची आमच्या गोष्टच न्यारी,
जो येईन त्याले म्हनते 'हो',
एक नंबर तुयाच, सांगजो नोको!
ढाल एक, मागनारे बारा,
आबाजी, आता तुमीच आवरा!"

मैदान "हर हर महादेव!"च्या गजरात असं हसलं की देवळावरची कबुतरं उडाली. मोतीलाल हसले, मंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. भांडायला आलेले अकरा जण एकमेकांच्या नंदीची शिंगं सोडवू लागले. पुंडलिकरावांना वाटलं, गेलं तिकीट. मग वाटलं, गेलं तर गेलं, पोरगी झकास बोलली. आणि तेही हसले.

"बारावा कोन?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"मीच," आचल म्हणाली.

गुरुजींनी शेवटी निकाल सांगितला. ढाल डोमाजीच्या पोरीला, अंजूला मिळाली. तिचा नंदी वीतभर, पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचा. झूल साधी कापसाची, शिंगं मात्र सुरेख रंगवलेली. फक्त चारही पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले होते.

"बेटा, पाय काऊन नाई धुतले त्याचे?" गुरुजींनी माईक तिच्यापुढे धरला.

"धुतले होते ना, गुरुजी. पन तो नाल्यातून आला."

पुंडलिकराव त्या चिखलाच्या पायांकडे बराच वेळ पाहत राहिले. प्रभाकररावांनी आपल्या वहीत काहीतरी टिपलं.

कार्यक्रम संपला. गाडीत बसण्यापूर्वी प्रभाकररावांनी पुंडलिकरावांचा खांदा धरून त्यांना बाजूला घेतलं. पुंडलिकराव माफी मागायच्या तयारीत होते.

"अहो, माफी कसली?" प्रभाकरराव कानाशी वाकले. "इतकं भांडून लोक इतकं हसले, हे वजन साधं नाही. यादीत एक नंबर तुमचाच. फक्त कोणाला सांगू नका."

गाडी धुरळा उडवत निघून गेली. पुंडलिकरावांचा चेहरा आधी पौर्णिमेसारखा उजळला. मग ते शेवटचं वाक्य त्यांनी मनात पुन्हा एकदा ऐकलं. कुठंतरी फार ओळखीचं वाटलं. चेहऱ्यावरचा चंद्र हळूहळू उतरणीला लागला.

ढाल काखेत आणि अंजू बोटाशी अशी जोडी घेऊन डोमाजी जवळ आला.

"का म्हनले साहेब?"

"म्हनले, यादीत माहं नाव एक नंबरवर हाये."

"अरे बापा!" डोमाजीच्या तोंडून खरीखुरी हळहळ निघाली. त्यानं सभापतींच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ द्या, साहेब. खाली तं नाई येत ना ते."