आईचा मुक्काम, डावा दंड

वैजयंताच्या आईला जाऊन चार वर्षं झाली होती आणि गेल्या महिन्यात कळलं, की ती वैजयंताच्या डाव्या दंडातल्या चरबीत लोणी कढवत बसलेली होती.

हे तालुक्याच्या दवाखान्यातल्या उजेडाच्या मशीनवर दिसलं. त्या मशीनचा तांबूस उजेड कातडीतून आत शिरतो आणि चरबीचा थर पडद्यावर उमटवतो. कोणता थर कुठल्या चुलीवर धरला, तेही दिसतं. बाळंतिणींना ही तपासणी सक्तीचीच आहे. बहुतेकींच्या दंडात रेशनच्या तेलाचा पिवळट धूर निघतो. वैजयंताच्या दंडात आई निघाली, काष्टा खोचून, पातेल्यात विड्याचं पान टाकताना. तूप गाळून झालं की ती तळाची बेरी खरवडायची, गुळात कालवायची आणि वैजयंताच्या तळहातावर ठेवायची. वैजयंताची सातवी होऊन शाळा सुटली, तोवर दर सोमवारी.

आज वैजयंता पाच महिन्यांच्या लेकीला, राहीला, घेऊन आली, तर राहीचं वजन पाव किलोनं उतरलेलं.

"अंगावर पाजतेस ना?" लाडे सिस्टरनी विचारलं.

"पाजते की."

"किती वेळा?"

वैजयंतानं राहीचं झबलं सारखं केलं. सिस्टरनी तिचा दंड मशीनखाली घेतला. आई होती, पण चूल निम्मी गेली होती.

"दुधात उतरतंय," सिस्टर म्हणाल्या. "जुना साठा आधी जातो. नियमच आहे तो."

"तुम्ही मागं बोलला होता ना तसं. म्हणून तर मी डब्याचं पाजतेय. अंगावर दोनदाच घेते."

"आणि डब्याचं न पचून ही काडी झाली तरी?"

"आईचा एक फोटो नाही माझ्याकडं, सिस्टर. कागदावर नुसता अंगठा हाय."

सिस्टरनी ड्रॉवरमधून अर्ज काढला. जतन किंवा वापर, एकच लिहायचं. जतन लिहिलं की अंगावर पाजणं बंद, दर महिन्याला दहा मिनिटं बघायला मिळतं आणि डब्याचं दूध दवाखाना देतो. वापर लिहिलं की साठा संपेस्तोवर पाजायचं, मागाहून तक्रार चालत नाही.

"बाकीच्या काय लिहितात?"

"एकीनं जतन लिहिलंय. सासू आहे तिच्या दंडात. म्हणते, भांडायला कुणीतरी पाहिजे की घरात."

पडद्यावर आईचं खरवडून झालं. तिनं बेरीचा गोळा वळला आणि हात पुढं केला. समोर कुणी नव्हतं. वैजयंता बघत राहिली. आईनं हात मागं घेतला नाही.

राही रडायला लागली. तिचा आवाजही बारीक झाला होता.

"पेन द्या," वैजयंता म्हणाली. तिनं एकेक अक्षर सुटं काढत 'वापर' लिहिलं, खाली सही केली. "किती येळा पाजू?"

"मागेल तितक्यांदा."

सहा आठवड्यांनी वैजयंताचा दंड निरंक निघाला. सिस्टरनी तशी नोंद केली. मग राहीची मांडी मशीनखाली धरली. आई तिथं होती, गुडघे छातीशी घेऊन, चूल पोटाशी ओढून.

"आखडून बसल्यात," सिस्टर म्हणाल्या. "जागा नाही अजून."

"मग वं?"

"मग काय. मांडी भरली की बसतील ऐसपैस."

वैजयंता बाहेरच्या बाकावर बसली आणि तिनं राहीला पदराखाली घेतलं. आत सिस्टरनी पुढचा नंबर पुकारला.