पाव तासाचे शेंगदाणे

पौडच्या डॉक्टरांनी सारजाबाईला नीट समजावून सांगितलं होतं. सोमवारच्या उपासात भाताची लावणी करताना ती चिखलात बसली ती उठेचना, म्हणून नवऱ्यानं, कुशाबानं, तिला बैलगाडीत घालून नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "उपाशी राहिलं की तुमच्या रक्तातली साखर उतरते. मग घाम फुटतो, हात कापतात, अंधारी येते, कधी चिडचिडही होते. जवळ फुटाणे-शेंगदाणे ठेवत जा. तसं वाटलं की गुळाचा खडा आणि मूठभर दाणे चावून खायचे अन् पाव तास स्वस्थ बसायचं. साखर ठिकाणावर येते."

"आन् उपास?" सारजाबाईनं विचारलं.

"सोडा."

"ते न्हाई जमायचं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बरं, उपासाला नुसते शेंगदाणे. पण पोट रिकामं ठेवायचं नाही."

एवढं सगळं कुशाबानं कान देऊन ऐकलं आणि त्यातला एकच शब्द मुळशीला घरी आणला. चिडचिड.

दुसऱ्याच दिवशी त्यानं बायकोसाठी नवी कोरी चंची शिवून आणली. एका कप्प्यात फुटाणे, दुसऱ्यात उपासाचे शेंगदाणे, मधल्यात गूळ. लग्नाला बारा वर्षं झाली, पण न मागता त्यानं दिलेली ही पहिलीच वस्तू. सारजाबाईनं ती देवापुढं ठेवून मग कमरेला खोचली. नवऱ्याला आपली काळजी आहे, असं तिला दोन दिवस वाटलं.

तिसऱ्या दिवशी घर गळायला लागलं. "चार कौलं फिरवा म्हनून वैशाखापासनं सांगतेय," ती म्हणाली. कुशाबानं वर पाहिलंच नाही. "फुटाणे खा," तो म्हणाला. गिरणीवाल्या भैरूनं तिच्या तांदळाच्या पिठात कुणाचं तरी नाचणीचं पीठ मिसळलं. ती भांडायला गेली, तर तो हात जोडून म्हणाला, "वैनी, आदी दाणं खा. कुशाबानं सांगितलंय समद्यांस्नी." शेजारची साळूबाई तर वाटीभर मोडाची मटकी घेऊन आली आणि आजाऱ्याला विचारावं तशा आवाजात म्हणाली, "आज कितींदा आला गं राग?"

तो प्रश्न ऐकून जो आला, तो त्या दिवसातला चौथा.

सारजाबाई मुळात मवाळ बाई. सोमवार, संकष्टी, देवापुढं सांजवात, कुणाच्या अरेला का रे नाही. याआधीच्या बारा वर्षांत ती मोजून पाच-सहा वेळा रागावली असेल, आणि प्रत्येक वेळी कारण होतं. देवानं माणसाला राग उगाच दिलेला नाही. पण आता तिचा राग म्हणजे पोटाची तक्रार झाली होती. कारण कुणी विचारीना. सगळे फक्त काय खाल्लं ते विचारीत.

अशातच बुधवारी जेवताना कुशाबा म्हणाला, "पौडचे दाजी परवा येत्यात. सायकल ठिवून जातील, चंद्रीला घिऊन जातील."

चंद्री म्हणजे म्हैस. सारजाबाईच्या बापानं पारडू असताना दिलेली. पोरांच्या तोंडचं दूध तिचं, निरांजनातलं तूप तिचं, आणि आता ती गाभण, सातवा महिना चालू होता. दाजी म्हणजे कुशाबाच्या बहिणीचे यजमान, भिकू. त्यांच्याकडे घंटीची, दिव्याची सायकल होती आणि ती पाहिल्यापासून कुशाबाला चालणं कमीपणाचं वाटू लागलं होतं.

"कुणाला इचारलं?" सारजाबाईच्या हातात भाकरी तशीच राहिली.

"तुला सांगतोय की आता."

"सांगताय. इचारलं का? माझ्या बापाची म्हस ती! गाभण जनावर देऊन लोखंड घेताय? आन् तुमाला चालवाया तरी येती का?"

"आई," कुशाबा शांतपणे म्हणाला, "घाम बघ हिला. उतरली साखर."

"घाम चुलीचा हाय!"

सासू तुळजाबाईनं चंची उघडून मूठभर फुटाणे सुनेच्या हातात कोंबले. "खा बाई. दुखन्याशी वाद घालू नये."

"आत्याबाई, मला काय बी झालेलं न्हाई."

"मंग इतकी वरडतीस कशापायी?"

सारजाबाईनं फुटाणे तोंडात टाकले. फुटाणे चावताना माणसाला भांडता येत नाही. तिनं घास गिळेपर्यंत कुशाबा हात धुऊन बाहेर पडला होता. औषध गुणकारी होतं, फक्त गुण नवऱ्याला येत होता.

गुरुवारी तिनं तीनदा विषय काढला. तीनदा तिला चंची मिळाली.

शुक्रवारी संकष्टी होती. भिकूदाजी सकाळीच सायकलवरून आले, मनगटावर घड्याळ, खांद्यावर म्हशीसाठी नवं दावं. ते दावं पाहिलं आणि सारजाबाई कुणाशी न बोलता, डोक्यावरचा पदर सावरत, थेट मारुतीच्या देवळाकडे निघाली. ओसरीवर कोंडाजीबाबा आणि गावातली चार वडीलधारी माणसं बसलेली असत. कोंडाजीबाबांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. मागून कुशाबा, त्याच्यामागं दाजी आणि सर्वांत शेवटी सुनेची घरी राहिलेली चंची घेऊन तुळजाबाई.

"बाबा, माझ्यावर अन्याव चाललाय," सारजाबाई पायरीवरूनच म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

"बघा, कापतीया," कुशाबा मागून म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलं तसंच."

कोंडाजीबाबांनी मान हलवली. "पोरी, आदी दाणं खा. डॉक्टर काय म्हनला, पाव तास? मंग बोल. आमी हितंच हाओत."

सारजाबाईनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग ती सासूच्या हातातली चंची घेऊन खांबाला टेकून बसली, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि शेंगदाणे एकेक करून चावायला लागली.

"दाजी, वेळ बघा," बाबा म्हणाले.

दाजींनी मनगट वर केलं. बाहेर पाऊस आणि आत सारजाबाईचे दात, एवढाच आवाज. एवढी माणसं किती वेळ शेंगदाण्यांचा आवाज ऐकणार? म्हशीच्या आणि सायकलीच्या सौद्याची कुणकुण गावाला लागली होतीच; शेवटी बाबांनीच तोंड उघडलं.

"कुशा, म्हस कुनाच्या घरची रं?"

"हिच्या म्हायेरची."

कुरकुर, कुरकुर.

"गाभण हाय?"

"सातवा चाललाय."

"आन् सायकल येती तुला?"

"शिकंन की."

"कुटं? बांधावर?" एक म्हातारा हसला.

कुशाबानं बायकोकडं पाहिलं. ती बोलली असती तर त्याला काहीतरी म्हणता आलं असतं. ती दाणे चावत होती.

"पोरं काय पिनार मंग?" बाबांचा आवाज चढला. "घंटी?"

आता सगळेच हसले. कुशाबाच्या कपाळावर घाम आला, आणि तो चुलीचा नव्हता.

"दाजी, तुमची सायकल तुमाला लखलाभ. म्हस कुटं जायची न्हाई," बाबा म्हणाले.

"पर अजून दोन मिन्टं हायेत," दाजी घड्याळाकडं बघत पुटपुटले.

"आता कशाला? झाला निवाडा." बाबा उठले, त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या. बाकीचेही उठले. कुशाबाचा जीव भांड्यात पडला. म्हैस राहिली तर राहिली, गावादेखत बायकोचं ऐकून घेणं तरी टळलं. तो हसून म्हणाला, "बगितलं का बाबा, शेंगदान्याचा गुण! एक सबूद बोलली न्हाई."

सारजाबाईनं शेवटचा दाणा गिळला. पदरानं तोंड पुसलं. तिचा हात अजिबात कापत नव्हता.

"दाजी, झाला का पाव तास?"

"झाला," दाजी म्हणाले.

"मंग बसा समदी," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "म्हस ऱ्हायली, बरं झालं. पर मी अजून बोलले न्हाई. आता माझी साखर बराबर हाय. आता जे बोलंन, ते माझं हाय."

कुशाबानं बाबांकडं पाहिलं. बाबांनी वहाणा पुन्हा काढल्या.