परकारचाचांचा ‘टेक’

परकारचाचांनी गोड्या पाण्याचा अख्खा डबा कपड्यांसकट डोक्यावर ओतून घेतला, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातून पडलं. एकोणीसशे साठच्या आसपासचं दोहा ते. पाणी टँकरनं यायचं आणि आम्ही ते तुपासारखं वापरायचो.

“चाचा, वेड लागलं का?”

“टेक अ बाथ!” ते ओरडले. माझ्यावर नव्हे, समोर उकिडवं बसलेल्या रामोनवर.

चाचा रत्नागिरीकडचे. तेलकंपनीच्या गोदामात कारकून, आमच्या शेजारच्या खोलीत एकटे. रामोन मनिलाकडच्या खेड्यातला, शाळा न पाहिलेला फिटर. महिनाअखेर त्याला साहेबापुढे इंग्रजीत बोलून दाखवायचं होतं. नाही जमलं तर पहिल्या बोटीनं घरी. आणि चाचा इतके दिवस त्याला एकच शब्द शिकवत होते.

“टेकमंदी अख्खी इंग्रजी हाय, वैनी. हा एक पकडला की खलास!”

प्रत्येक अर्थ करून दाखवायचा, हा त्यांचा नेम. ‘टेक रेस्ट’ला भर अंगणात घोरले. ‘टेक फोटो’ला माझा मिठाचा डबा डोळ्याला लावला. ‘टेक ऑफ’ला शेडच्या पत्र्यावरून उडी मारली. सुजलेल्या घोट्यावर मी हळद बांधत होते, तर म्हणाले, “चला, टेक मेडिसिन आयतंच झालं.”

“तोंडानं सांगा की!”

“तोंडाचं कुणाच्या ध्यानात राहतं, वैनी?”

परीक्षेच्या दिवशी आमचे हे त्याच कंपनीच्या कचेरीतून आले ते पांढरेफटक. साहेबानं विचारलं, सकाळी उठून काय करतोस? “आय टेक बाथ,” म्हणत रामोननं साहेबाच्याच टेबलावरचा जग डोक्यावर पालथा केला. इंग्रजी असंच बोलतात, अशी त्याची समजूत!

मी विचारलं, “मग? गेली नोकरी?”

“साहेब आधी गार पडला. मग हसत सुटला. ठेवलाय त्याला. दुखानच्या तेलविहिरींच्या कॅम्पवर.”

रामोन ट्रकमधून दुखानला गेला. चला, पाणी वाचलं, असं मी म्हणते तोच संध्याकाळी चाचा दारात.

“वैनी, आणि कोण शिकणारं हाय का?”

“आता पुरे की, चाचा. हाडं मोडून घ्याल.”

ते उंबऱ्यावर बसले. नेहमीसारखे हातवारे नाहीत, काही नाही.

“घरवाली जन्माची बहिरी माझी. बोलत पण नाय. निकाहपासून आमचं सगळं बोलणं हातानं. पत्र तिला वाचता येत नाय. सुट्टीला अजून वरीस हाय.” त्यांनी दोन्ही पंजे उलटेपालटे करून पाहिले. “तवर हे मुके झाले तर?”

मी पिठाचे हात पुसले, स्टूल अंगणात नेऊन ठेवलं आणि त्यावर बसले.

“शिकवा मला. पण पाण्याला हात लावायचा नाही.”